विन्या, तुझ्याशीच बोलायचं होतं

लोद, इस्रायल, शनिवार रात्र

प्रिय विन्या,

शिव्या घालून झाल्या असतील तर पुढं वाच. तुझ्या मेसेजना नुसते अंगठे पाठवत बसलो, फोन उचलला नाही, खरं आहे. प्रकृती ठीक. गुडघे कुरकुरतात, साखर आटोक्यात आहे, रिबकाचा मोतीबिंदू काढला. झालं प्रकृतीपुराण.

योनीबद्दल लिहायचंय. आमच्या लेआचा थोरला, माझा नातू. तू शेवटचा बघितलास तेव्हा तिकडं इस्रायल आळीत आमच्या ज्यूंच्या मशिदीच्या, म्हणजे सिनेगॉगच्या, पायरीवर बसून ताडगोळे हादडत होता. आता सैन्यात आहे, सक्तीची सेवा चालू आहे. काल शब्बाथला घरी आला. रिबकानं नारळाच्या रसातला मासा केला होता, त्याला हातही लावला नाही. सगळे झोपल्यावर माझ्याजवळ येऊन बसला आणि बोलायला लागला.

वेस्ट बँकेत नाब्लुसच्या बाजूला एका गावात मध्यरात्री गेले होते. त्या घरातल्या पॅलेस्टिनी मुलानं बस थांब्यावर गोळीबार केलेला, दोन माणसं गेली. मुलगा तुरुंगात आहे. घरात आई, बाप, मोठी भावजय, तिची पोरं. ह्यांचं काम मोजमापाचं. हल्लेखोराच्या कुटुंबाचं घर शिक्षा म्हणून पाडायचं ठरलं की आधी एक तुकडी जाऊन खोल्या मोजते, फोटो काढते, भिंतीला भोक पाडून जाडी बघते. वरच्या मजल्यावर दुसरं कुटुंब असेल तर तेवढाच मजला कसा मोडायचा त्याचा हिशेब करावा लागतो. सगळ्यांना एका खोलीत बसवलं होतं आणि टेप योनीच्या हातात. तो आकडा ओरडायचा, अधिकारी लिहून घ्यायचा. एका खोलीला हा म्हणाला, तीन साठ. आतल्या खोलीतून बाप स्वच्छ हिब्रूत म्हणाला, तीन ऐंशी, फरशी मीच बसवलीय. परत मोजलं. तीन ऐंशी. अधिकाऱ्यानं आकडा खोडून नीट लिहिला.

तो माणूस वर्षानुवर्षं अश्दोदला आणि रिशोनला फरश्या बसवत होता. ऑक्टोबर २०२३ नंतर त्यांचे परवाने बंद झाले, आता त्या कामांवर आपल्या भारतातली पोरं आलीत. शिकाऊ पोराला मेस्त्री सुधारतो ना, तसा बोलला म्हणे. राग नाही, काही नाही. योनी म्हणाला, आजोबा, त्यानं मला शिवी दिली असती तर मी झोपलो असतो.

आता तू म्हणशील, एल्या, तू कधीपासून शांतिदूत झालास? नाही झालो. २००२ च्या पेसाखच्या सणाला नेतान्याच्या पार्क हॉटेलात आत्मघातकी स्फोटात तीस माणसं मारली, त्या काळात मी बसमध्ये चढताना प्रत्येकाच्या जाकिटाकडं बघायचो. भिंत घातली, तपासण्या वाढवल्या, त्याला माझी ना नव्हती आणि आजही नाही. ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासच्या हल्ल्यात शेजारच्या बाईचा भाचा नोव्हाच्या संगीत जत्रेतून परत आला नाही. बाराशे माणसं एका दिवसात. बंदूक घेऊन येणाऱ्याला वाटेत गाठायचं, सापडला तर खटला भरून जन्मभर आत टाकायचं, ह्यात मला काही पाप दिसत नाही. आमच्या लोदमध्येच मे २०२१ ला काय झालं ते तुला फोनवर सांगितलं होतं, गाड्या जळत होत्या, सिनेगॉगं जळत होती. एक अरब तरुण ज्यू माणसाच्या गोळीनं मेला आणि दुसऱ्या दिवशी दगडांनी जखमी झालेला एक ज्यू शेजारी आठवड्यात गेला, त्याची किडनी जेरुसलेमच्या एका ख्रिश्चन अरब बाईला बसवली. हे गाव असं आहे.

पण हा फरशीवाला. त्यानं काय केलं?

त्याचं घर ज्या कलमाखाली पडणार ते आपल्या साहेबाचंच. ११९ नंबरचं कलम, १९४५ चे आणीबाणीचे संरक्षण नियम, ब्रिटिश मॅंडेटचे, म्हणजे इथल्या इंग्रजी अमलातले. त्याआधी १९३६ मध्ये ह्याच साहेबानं याफ्याच्या जुन्या वस्तीत शेकडो घरं सुरुंग लावून उडवली होती. १९४६ ला तेल अवीवमध्ये ज्यू वकिलांनी ह्याच नियमांविरुद्ध सभा भरवली. त्यात सगळ्यात जहाल बोलले ते याकोव्ह शिमशोन शापिरा पुढं ह्या देशाचे कायदामंत्री झाले. नियम जागच्या जागी. हसायला येतं की नाही, सांग.

आणि हे बघ, लष्करानं स्वतःच एकदा हा उद्योग थांबवला होता. दुसऱ्या इंतिफादात, म्हणजे २००० नंतरच्या पॅलेस्टिनी उठावात, साडेसहाशेच्या वर घरं पाडल्यावर मेजर जनरल उदी शानींची समिती बसली. ती म्हणाली, धाक बसण्यापेक्षा द्वेष वाढतो. २००५ ला संरक्षणमंत्री मोफाझनी बंद केलं. २०१४ ला तीन ज्यू पोरं पळवून मारली तेव्हा पुन्हा सुरू. आमचं सुप्रीम कोर्ट बहुतेक वेळा लष्कराच्या बाजूनं उभं राहतं. एक न्यायमूर्ती होते, मिशाएल खेशिन. ते वारंवार वेगळं मत लिहायचे आणि आमचा धर्मग्रंथ, तोराच, काढून दाखवायचे, ज्याचं पाप त्यानंच भोगावं, पोरासाठी बापाला मारू नये. आपण लहानपणी हे मशिदीत ऐकलेलं, तू खिडकीखाली माझी वाट बघत क्रिकेटची बॅट आपटत असायचास.

त्याच २०१४ मध्ये सोळा वर्षांच्या पॅलेस्टिनी मोहम्मद अबू खदैरला ज्यू माणसांनी जिवंत जाळलं. त्याच्या घरच्यांनी मागणी केली, मारेकऱ्यांचीही घरं पाडा. कोर्टानं २०१७ ला नाही म्हटलं. मला ती घरं पाडायला नकोच आहेत. पण मग धाक कुणाला लागतो आणि कुणाला लागत नाही हे आधीच ठरलेलं असतं.

जावई म्हणतो, बाबा, उपयोग होतो. खोटं नाही त्याचं. इथल्याच अर्थशास्त्र्यांनी आकडे लावून दाखवलंय की घर पाडल्यावर लगेच हल्ले कमी होतात, मग परिणाम विरत जातो. समज, विरला नसता. समज, कायमचा राहिला असता. तर? ते फुकट जातं म्हणून वाईट, असं म्हणणं फार सोपं आहे रे. घर वाचावं म्हणून एखादा बाप पोराला अडवतही असेल. म्हणजे आपण त्या बापाला ओलीस धरलं, आणि ओलीस धरणं कामी येतं म्हणून आपण खूष. आमची माणसं गाझात ओलीस होती तेव्हा आम्ही दर शनिवारी चौकात उभे राहायचो.

गाझाबद्दल आज लिहीत नाही. सत्तर हजारांवर माणसं गेली असं तिथलं आरोग्य खातं सांगतं. आकड्यावरून आपलं वाजलंय, परत नको. एवढंच, तिथली घरं मोजायला कोणी टेप घेऊन जात नाही.

आता तुझ्याकडं येतो. हे सगळं जावयाला, रब्बीला, कुणालाही लिहिता आलं असतं. पण योनी शेवटी म्हणाला, मी घर पाडायच्या दिवशी आजारी पडलो तर दुसरा जाईल, मग काय फरक? विन्या, हे शब्दन् शब्द तुझं वाक्य आहे! नगरपालिकेच्या अतिक्रमण खात्यात लागलास, तळ्याकाठची झोपडी-रांग काढायला पहिल्यांदा गेलास, संध्याकाळी चहाच्या टपरीवर मी तुला कसाई म्हटलं आणि तू म्हणालास, मी नाही गेलो तर दुसरा जाईल. त्यावर आपण त्या दिवाळीला बोललो नव्हतो. कसाई हा शब्द मी अजून मागे घेतलेला नाही, उगाच खूष होऊ नकोस. पण तुझ्या त्या झोपड्यांचा गुन्हा निदान झोपड्यांचाच होता, जागा त्यांची नव्हती. ह्या घराचा काहीच गुन्हा नाही. सातबारा चोख, फरशी तीन ऐंशी. नोव्हेंबर २०२४ ला तू मला दिल्लीच्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाची बातमी पाठवलीस, आरोपी आहे म्हणून घर पाडता येणार नाही, आणि खाली लिहिलंस, 'घे, तुझ्या मनासारखं.' तेव्हा मी अंगठा पाठवला. खरं तर विचारायचं होतं, तुझ्या नोकरीत कधी असं घर आलं का, ज्यात दोष घराचा नव्हता आणि हुकूम मात्र आला? आलं तर काय केलंस? पोरगं मला विचारतंय आणि माझ्याकडं नुसती तोरा आहे. ज्यानं नोटीस हातात धरली आहे असा माझ्या ओळखीत तूच एक.

आडवळणानं सांगू नकोस. त्याला नाही म्हण असं सांगावं, तर तुरुंगात जाईल तो, मी नाही. जा म्हणावं, तर तो आयुष्यभर त्या खोलीची लांबी पाठ म्हणणार.

सायलीचं बाळंतपण नीट झालं ना? मुलगा की मुलगी तेही विचारलं नाही, बघ. सोसायटीवाल्यांनी रिडेव्हलपमेंटच्या कागदावर तुझी सही घेतली का? बिल्डरचं भाडं तोंडी ठरवू नकोस, लिहून घे. वहिनींना सांग, आगळ पोचलं, बाटली फुटली नव्हती, रिबका जपून वापरते.

त्या कुटुंबाचा अर्ज कोर्टात आहे, लागला की पुढचं कळेल. योनी रविवारी परत जातोय. मी मंगळवारी तुझ्या दुपारी फोन करतो, तेवढा एक दिवस झोपू नकोस.

तुझा,
एल्या

ता. क. तळ्याकाठी आता काय आहे? शेवटचं आलो तेव्हा पत्रे मारलेले होते.