वरच्या मजल्यावरच्या काकांना, जाहीर आभार

प्रिय काका,

समोर येऊन आभार मानायला लागलं की तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणत विषय बदलता. म्हणून हे पत्र उघड लिहितेय. चार लोकांनी वाचल्यावर काय बदलायचा तो विषय बदला.

तुम्हाला फोन केला तेव्हा आमचा एसी चालू होत नव्हता, आणि बाबा नुकतेच दवाखान्यातून घरी आले होते. आधी येऊन गेलेल्या मेकॅनिकने झाकणही न उघडता "पीसीबी गेला, नवा टाकावा लागेल", म्हणजे एसीचा आतला इलेक्ट्रॉनिक बोर्डच बदलायचा, असं सांगून टाकलं होतं. तुम्ही मात्र विचारलंत, "चालू होत नाही म्हणजे नक्की काय होतं?" इतका साधा प्रश्न तोवर कुणी विचारलाच नव्हता.

रिमोट दाबल्यावर बीप वाजते का? वाजत होती. म्हणजे रिमोट आणि त्याचे सेल ठीक, बोर्डही निदान जागा आहे, असं तुम्ही म्हणालात. वाजली नसती तर काय करायचं, तेही सांगितलंत. रिमोट फोनच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबायचं, टोकाचा दिवा जांभळट चमकला तर रिमोट शाबूत. किंवा आतल्या युनिटचं पुढचं झाकण उचलून तिथलं छोटं बटण दाबायचं, बहुतेक एसी त्यावर रिमोटशिवाय चालू होतात. मोड 'कूल'वर आहे ना, तापमान खोलीपेक्षा कमी लावलंय ना, टायमर लागलेला नाही ना, हे भराभर उरकलंत. एमसीबी, म्हणजे बिघाड झाला की आपोआप खाली पडणारा मेन बोर्डवरचा स्विच, वरच होता. पडलेला असता तर एकदाच वर करायचा, पुन्हा पडला तर हात लावायचा नाही, असा दम मात्र भरलात.

खरी गंमत पुढे झाली. "आता एसी चालू कर, पण बघायचं स्टॅबिलायझरच्या आकड्याकडे." आकडा 230 व्होल्टच्या आसपास होता. आतला पंखा फिरला. पुढची दोन-तीन मिनिटं बाहेरचं युनिट गप्प होतं. गॅसचा दाब दोन्हीकडे सारखा व्हायला तेवढा वेळ लागतो, तोवर कॉम्प्रेसर मुद्दाम थांबवलेला असतो, घाबरू नकोस, असं तुम्ही फोनवरून सांगत होतात. मग ते घुमलं, आणि आकडा धाडकन दीडशेच्या खाली आला. स्टॅबिलायझरने कट मारला, एसीचे दिवे गेले, आणि आकडा पुन्हा 230 वर जाऊन बसला, जणू काही झालंच नाही!

त्यावर तुमचा पुढचा प्रश्न: "त्या क्षणी घरातले बाकीचे दिवे मंद झाले का?" नाही झाले. तुम्ही म्हणालात, "मग वीज घरापर्यंत नीट येतेय. वाटेत कुठेतरी कॉन्टॅक्ट जळालाय. एमसीबी खाली कर, मी येतो."

सॉकेटमधून प्लग काढलात तर एक पिन काळी पडलेली, आणि आत वायरचं टोक स्क्रूखाली सैल, वरचं प्लास्टिक वितळलेलं. व्होल्टेज मोजायचं मीटर लावून पाहिलं असतं तरी तिथे पूर्ण 230 दिसले असते, हे मला पटेना. तेव्हा तुम्ही पाण्याचा पाईप पुढे केलात. पाईप मध्येच चिमटलेला असला तरी नळ बंद असताना दाब पुरेपूर भरतो. नळ उघडला की धार येत नाही. मीटर जवळजवळ करंट घेतच नाही, म्हणून त्याला सगळं ठीक दिसतं. दीड टनाचा एसी सात-आठ अँपिअर घेतो, कॉम्प्रेसर सुटताना कधीकधी त्याच्या कित्येक पट, आणि तेव्हा जळका कॉन्टॅक्ट उघडा पडतो. सैल जोड तापतो, तापला की सॉकेटच्या पट्टीचा ताण जातो, ताण गेला की जोड आणखी सैल होतो. बोर्ड बदलला असता तरी हे सॉकेट तसंच तापत राहिलं असतं. बाबांच्या पलंगामागे, काका.

पुरवठा बंद आहे याची टेस्टरने खात्री करून मगच तुम्ही हात घातलात. वायरचा काळा भाग कापून स्वच्छ तांबं उघडं केलंत, 16 अँपिअरचं सॉकेट आणि प्लग दोन्ही बदललेत. नुसतं सॉकेट बदलून जळकी पिन त्यात खुपसायची नाही, नवंही खराब होतं, हे माझ्याकडून वदवून घेतलंत. बाहेरचं युनिट उघडू का विचारल्यावर चक्क ओरडलात: त्यातला कपॅसिटर वीज बंद केल्यावरही चार्ज धरून असू शकतो, तिथे घरच्यांनी हात घालायचा नाही. ते ओरडणंही आभारात धरा.

एसी चालू झाल्यावर तासाभराने प्लगला हात लावून बघ म्हणाला होतात. बघितलं, जेमतेम कोमट होता. बाबा झोपले होते म्हणून तेव्हा कळवायचं राहिलं, ते आता कळवतेय. सॉकेट आणि प्लगचे पैसे तुम्ही घेत नाही आहात. ते मी काकूंकडे देऊन आलेय, परत पाठवू नका.

तुमची,
खालच्या मजल्यावरची