पट्टी चुकली, तास नाहीत

ती. आई-बाबा,
सा. न.

बाबा, तुमचा फोन ठेवला आणि हसूच आवरेना. ॲटलासवर पट्टी ठेवून तुम्ही दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को अठरा हजार किलोमीटर काढलंत आणि वर म्हणालात, "तिकिटावरचे तास चुकलेत." तास बरोबर आहेत. पट्टी चुकली.

सपाट नकाशावरची पट्टी तुम्हाला अरबस्तान, अटलांटिक असं फिरवत नेते. तेच पृथ्वीगोलावर दोन्ही ठिकाणांमध्ये दोरा ताणून धरा. तो सैबेरियावरून वर चढतो, आर्क्टिकला शिवतो आणि अलास्काच्या बाजूने खाली येतो. हे अंतर साधारण 12,400 किलोमीटर. विमानाचा वेग ताशी नऊशे, म्हणजे चौदा तास, असा भागाकार मात्र करू नका. वारा कसा आहे, कुठलं आकाश बंद आहे, यावर वाट बदलते. शिवाय धावपट्टीपर्यंत रांगेत सरकण्याचा वेळही तिकिटात धरलेला असतो.

वाऱ्याची तर गंमतच. ऑक्टोबर 2016 मध्ये एअर इंडियाने याच मार्गावरचं विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. वाट सुमारे 1,400 किलोमीटरने वाढून 15,300 झाली, तरी विमान साडेचौदा तासांत पोचलं, म्हणजे आधीपेक्षा जवळजवळ दोन तास लवकर! दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा जोरदार झोत वाहतो, जेट स्ट्रीम म्हणतात त्याला. आधी तो नाकावर यायचा, नव्या वाटेवर तो पाठीशी आला.

आई, तू म्हणालीस, "पहाटे चारला बसायचं आणि सकाळी आठला उतरायचं, चारच तास की!" अगं, उन्हाळ्यात इथलं घड्याळ तुमच्यापेक्षा साडेबारा तास मागे असतं. खरे तास सोळाच्या वर. परतताना उलट होईल, एक अख्खा दिवस कुठे गेला ते कळणार नाही.

पण मला काळजी किलोमीटरची नाही, तुझ्या गुडघ्यांची आहे. कडेची, मधल्या वाटेलगतची सीट घेतली आहे. जाग असेल तेव्हा तासा-दीड तासाने उठून चार पावलं चाल. आणि पाणी पी. उठावं लागतं म्हणून तू पाणीच टाळतेस, मला ठाऊक आहे. व्हीलचेअरही सांगून ठेवली आहे. बाबा, तुम्हाला चालता येतं हे मान्य, पण इमिग्रेशनच्या रांगेत तासभर उभं राहून ते सिद्ध करायची गरज नाही.

समोरच्या पडद्यावर विमान वाकडं जाताना दिसेल. तोही सपाटच नकाशा. शेजाऱ्याला उठवून वैमानिक चुकलाय म्हणून सांगू नका.

पृथ्वीगोल मी आणून ठेवलाय. दोरा आईच्या शिवणाच्या डब्यातला आणा.

तुमची लेक