बटाटा नव्हे, कांदा म्हणा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत आपण समुद्रतळाच्या ‘खजिन्या’वर पानभर मजकूर छापला. मत्स्य-६००० पाणबुडी, कोबाल्ट, निकेल, सगळं आलं. पण तळाशी पसरलेल्या त्या मँगनीजच्या गोट्यांना ‘बटाट्यासारखे निर्जीव दगड’ म्हटलंय, तिथे मी अडलो. गोटा मधोमध कापला की आत एकावर एक पापुद्रे, आणि गाभ्यात कधी शार्कचा दात, कधी साधा खडा. लासलगाव ज्या जिल्ह्यात आहे तिथल्या पेपरानं याला बटाटा म्हणावं? ‘निर्जीव’बद्दल तर मला भांडायचंच आहे.

मी निफाड तालुक्यातला द्राक्ष बागायतदार, शिक्षण बारावी सायन्स. हा विषय मला समुद्रानं नाही, ड्रिपनं शिकवला. आमच्या बोअरच्या पाण्यात लोह आहे, मँगनीजही आहे. लॅटरलची (ओळीतल्या बारीक नळीची) टोकाची एंड कॅप काढली की आधी तांबूस, मग काळपट, बुळबुळीत लोळा बाहेर यायचा. दुकानदार म्हणायचा, क्षार आहेत, ॲसिड सोडा. चार वर्षं सोडलं. पंधरा दिवस ड्रिपर नीट चालायचे, की पुन्हा चोक. पुतणी नाशिकला मायक्रोबायॉलॉजी शिकते. तिनं तो लोळा बाटलीत भरून नेला, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि फोन केला, “काका, हे नुसते क्षार नाहीत, जिवाणू आहेत. पाण्यात विरघळलेल्या लोह-मँगनीजचा ऑक्सिजनशी संयोग घडवतात आणि तो गाळ स्वतःभोवती बसवून घेतात.” तेव्हापासून क्लोरीन सोडतो. (ॲसिडबरोबर कधीच नाही. दोन्ही एकत्र आले की विषारी वायू निघतो.)

समुद्रात हाच उद्योग चालतो, फक्त तिथे कुणाला घाई नाही. बुडालेल्या डोंगरांच्या उघड्या खडकावर मँगनीज आणि लोहाचा थर बसत जातो आणि तोच पाण्यातलं कोबाल्ट, निकेल ओढून धरतो. हे नुसत्या रसायनानंही होतं, पण मँगनीजच्या बाबतीत फार रेंगाळत. जिवाणू ते काम कितीतरी पटीनं लवकर उरकतात. बॅसिलस गटातल्या एका समुद्री जिवाणूच्या तर बीजाणूंच्या (कठीण कवचात झोपी गेलेल्या पेशींच्या) अंगावरच मँगनीजचं ऑक्साइड जमतं. थरात जिवाणूंचा वाटा किती आणि रसायनाचा किती, यावर शास्त्रज्ञांत वाद आहे. असू दे. गोट्यांच्या आत मँगनीज बसवणारे आणि ते पुन्हा विरघळवणारे, असे दोन्ही प्रकारचे जिवाणू सापडलेत, हे तरी छापायचं.

आणि खडकावरच्या त्या थराचा वेग किती? दहा लाख वर्षांत १ ते ५ मिलीमीटर. आपली पांडवलेणी ज्या काळ्या पाषाणात कोरली आहेत, तो लाव्हा साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. तेव्हा बसायला लागलेला थर आज अडीच इंच असेल, फार तर फूटभर.

पुतणीनं सांगितलेला एक किस्सा तर मी पारावर चार वेळा ऐकवलाय. अमेरिकेत कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतले जॅरेड लेडबेटर यांनी मँगनीज कार्बोनेट लागलेली काचेची बरणी नळाचं पाणी भरून सिंकमध्ये ठेवली आणि ते काही महिने बाहेरगावी गेले. परत येऊन बघतात तर बरणी आतून काळी. निव्वळ मँगनीजच्या ऊर्जेवर वाढणारे जिवाणू असावेत असा शंभरेक वर्षांचा तर्क होता. ते या न घासलेल्या बरणीत सापडले आणि २०२०मध्ये जाहीर झाले. आमच्या घरात अशी बरणी महिनाभर राहिली असती तर काय झालं असतं, ते सांगत नाही.

आता भांडणाचा मुद्दा. १९८९मध्ये जर्मन शास्त्रज्ञांनी पेरूजवळच्या समुद्रात, चार किलोमीटर खोल, खाणकामानं तळाचं काय होईल ते बघायला मुद्दाम नांगर-कुळव ओढून पाहिला. २६ वर्षांनी गेले तर नांगराचे तास जसेच्या तसे. उकरलेल्या जागी जिवाणूंचं काम चौथाईपर्यंत घसरलेलं, आणि ते पूर्ववत व्हायला किमान ५० वर्षं लागतील असा त्यांचा अंदाज. आम्हीही नांगरतो, पण पुन्हा पेरायला, आणि आमची वरची माती शेणखतानं दोन-तीन हंगामांत सावरते. तिथे खत कोण टाकणार?

भारताच्या ‘गवेषणी’ या संशोधन जहाजानं आपला पहिला गोटा वर काढला २६ जानेवारी १९८१ला. आज मध्य हिंद महासागरातलं ७५ हजार चौरस किलोमीटर क्षेत्र शोधासाठी आपल्याकडे आहे. धातूंचे आकडे आपण चौकटीत दिलेत, ते बरंच केलंत. पण गोव्यात दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत या जिवाणूंवर काम झालेलं आहे. वार्ताहरानं तिकडे एक फोन लावला असता तर ‘निर्जीव’ हा शब्द पानावर आलाच नसता. पुढच्या लेखाआधी तेवढा लावावा.

पत्र लांबलं. कात्री लावायची तर बरणीचा किस्सा काढा, पण ॲसिड-क्लोरीनचं कंसातलं वाक्य राहू द्या. एप्रिलच्या छाटणीनंतर आमच्याकडे बरेच जण लाइनी धुवायला काढतात.

आपला,
एक द्राक्ष बागायतदार
ता. निफाड, जि. नाशिक