मास्टर, कापड निवडून दिल्याबद्दल मनापासून थँक्यू

नमस्कार मास्टर,

सूट घालायला लागून आता बरेच महिने झाले आणि अजूनही कोणी ना कोणी विचारतंच की कुठे शिवलास. शिलाईचं कौतुक तर तुमच्या तोंडावर केलंच आहे, पण कापड निवडताना तुम्ही जो वेळ दिलात त्याचे आभार मानायचे राहूनच गेले. ते इथे सगळ्यांसमोर मानते, कारण पहिल्यांदा सूट शिवायला निघालेल्या कोणालाही यातलं काहीतरी उपयोगी पडेलच.

एकही तागा उलगडायच्या आधी तुम्ही विचारलंत की घालणार कुठे, बसून काम आहे की फिरतीचं, एसीत असता का, आठवड्यातून किती वेळा अंगात असेल, आणि बॅग कुठल्या खांद्याला अडकवता. मी रंग सांगायच्या तयारीने आले होते आणि रंगाचं तर तुम्ही नावच काढलं नाहीत! बॅगेचा प्रश्न मला तेव्हा कळला नाही, पण थोड्या वेळाने सुपर 150 लिहिलेला तो गडद निळा तागा मी हातात घेतला, इतका मऊ की ठेवावासाच वाटेना, तेव्हा तुम्ही समजावून सांगितलंत की हा आकडा लोकरीचा तंतू किती बारीक आहे ते सांगतो, सुपर 100 म्हणजे तंतूची सरासरी जाडी जास्तीत जास्त 18.75 मायक्रॉन, 120 म्हणजे 17.75, 150 म्हणजे 16.25, दर दहाला अर्धा मायक्रॉन कमी. जेवढं बारीक तेवढं मऊ आणि तेवढीच झळाळी, पण लॅपटॉपची बॅग रोज त्याच खांद्यावर घासणार असेल तर ते तिथे लवकर विरणार, शिवाय सुरकुत्याही जास्त धरणार. हा तागा कधीतरी समारंभाला घालायच्या सूटसाठी ठेवा, रोजच्या वापराला सुपर 110 भरपूर झालं, असं तुम्ही म्हणालात. मास्टर, महागडं कापड विकणं तुमच्याच फायद्याचं होतं, मी घ्यायला तयारही होते, आणि तरी तुम्ही मला खाली आणलंत. हे मी विसरणार नाही.

मग वजन. एका सॅम्पल बुकात 260 ग्रॅम लिहिलेलं आणि दुसऱ्यात 390, आणि तुम्ही दोन्ही तुकडे माझ्या हातात देऊन विचारलंत की जड कुठलं. फरक कळेचना, कारण फरक नव्हताच, एक आकडा चौरस मीटरचा आणि दुसरा रनिंग मीटरचा, म्हणजे ताग्यातून पूर्ण रुंदीचं एक मीटर लांब कापलेल्या कापडाचा, आणि कापडाचा पन्हा 150 सेंटिमीटर, म्हणून तेच 260 तिकडे 390 होतं. ऑनलाइन कापड बघणाऱ्यांनी हे एवढं एकच लक्षात ठेवलं तरी खूप घोळ वाचेल. माझ्यासाठी तुम्ही रनिंग मीटरला 280 ते 300 ग्रॅमच्या मधलं ठरवलंत, त्याहून हलकं घेतलं तर उकडत कमी असेल पण पँट नीट पडत नाही, गुडघ्यापाशी फुगते.

आणि ती मुठीची टेस्ट! तुम्ही तीन तुकडे दिलेत, लिननचा, फ्लॅनेलचा (मऊ, लवदार लोकर) आणि एक हाय ट्विस्ट वूलचा, आणि प्रत्येक मुठीत गच्च दाबून धरायला लावलात. लिनन उघडलं तर सगळ्या घड्या जशाच्या तशा, फ्लॅनेल हळूहळू सैल झालं, आणि तो हाय ट्विस्टचा तुकडा हातातून सुटताच सरळ व्हायला लागला, अर्ध्या मिनिटात एखादी पुसट रेघ उरली असेल नसेल. धाग्याला पीळ जास्त घातलेला असतो म्हणून तो सावरतो, आणि वीण थोडी मोकळी असली की हवाही खेळते, हे तुम्ही नंतर सांगितलंत, पण माझं उत्तर मला हातातच मिळालं होतं. हॉपसॅकही मला फार आवडलं होतं, त्याची ती चटईसारखी वीण, पण बॅगेच्या चेनमध्ये धागा अडकून ओढला जाईल म्हणून तुम्ही ते बाजूला ठेवलंत. परत बॅगच!

आता डिझाइनचं सांगते, कारण खरे आभार त्याचेच आहेत. मला ग्लेन चेक हवं होतं, म्हणजे बारीक रेघांच्या गटांनी बनलेले चौकोन, तेही मोठे. तुम्ही नाही म्हणाला नाहीत. तागा थोडा उलगडून माझ्या दोन्ही खांद्यांवरून पुढे सोडलात आणि आरशापासून लांब जाऊन उभं राहायला सांगितलंत. छोट्या तुकड्यावर गोड दिसणारे ते चेक्स अंगावर भलतेच मोठे झाले, ते एक, आणि दुसरं म्हणजे आडव्या रेघा एका बाजूला उतरत होत्या. माझा उजवा खांदा जरासा खाली आहे हे मला माहीत आहे, लहानपणापासून फोटोत दिसतं आणि ते मला आवडत नाही. तुम्ही त्याबद्दल चकार शब्द काढला नाहीत, शेजारी उभ्या असलेल्या पोराला खांदा दाखवलाही नाहीत, जसं बऱ्याच ठिकाणी होतं. नुसता तागा उतरवलात आणि म्हणालात, आता हे बघा, आणि बर्ड्सआय खांद्यावर टाकलंत. लांबून अगदी प्लेन, जवळ आलं की नेव्हीत बारीक राखाडी ठिपके. खांद्याकडे लक्षच जात नाही, कारण नजरेला धरायला सरळ रेघच नाही.

चेक्सचं बाकीचं गणितही तुम्ही समजावलंत, की खिशाच्या फ्लॅपवरची रेघ अंगाच्या रेघेला मिळायला हवी, पाठीची शिवण, बाही आणि छाती, कॉलर आणि पाठ, सगळं जुळवायचं तर कापड जास्त लागतं, आणि माझ्या जॅकेटला प्रिन्सेस कट, म्हणजे छातीवरून खाली जाणाऱ्या उभ्या शिवणी, असल्यामुळे छातीच्या वर कितीही जुळवलं तरी चेक्स कुठेतरी तुटणारच. एवढं स्पष्ट आधी कोणी सांगत नाही हो, ट्रायलला कळतं, आणि तोपर्यंत कात्री लागलेली असते.

रंग बघायला तुम्ही तागा उचलून दाराबाहेर उन्हात नेलात, आत ट्यूबलाइटखाली जे नेव्ही काळं वाटत होतं ते बाहेर आल्यावर चक्क निळं निघालं, आणि शेड तिथेच पक्की झाली.

अस्तर आणि कॅनव्हासचं मी पूर्ण तुमच्यावरच सोडलं होतं. पॉलिस्टरऐवजी क्युप्रो, म्हणजे कापसाच्या तंतूपासून बनवलेलं रेशमासारखं अस्तर, घातलंत, घाम आला तरी अंगाला चिकटत नाही, आणि नुसत्या फ्यूजिंगऐवजी, म्हणजे गोंदाने चिकटवलेल्या आतल्या थराऐवजी, हाफ कॅनव्हास, म्हणजे छातीला आकार देणारं आतलं कापड शिवून बसवलेलं, त्यामुळे ड्रायक्लीनिंगनंतर तिथे बुडबुडे येण्याची भीती कमी. लॅपल, म्हणजे कॉलरखालची पुढची घडी, जो वळतो ना मास्टर, इस्त्रीने दाबल्यासारखा सपाट नाही, आतून गोल, तो बघून मला अजून बरं वाटतं. आणि आतला खिसा, न मागता दिलेला, फोन मावेल एवढा खोल! बायकांच्या तयार जॅकेटला बाहेरचे खिसेसुद्धा अनेकदा नुसते दाखवायचे असतात, त्यामुळे याचं मोल किती ते तुम्हाला काय सांगू.

दुसरी पँट त्याच ताग्यातून आत्ताच कापून घ्या, जॅकेटच्या आधी पँट झिजते आणि नंतर आणायला गेलात तर डाय लॉट, म्हणजे रंगाची खेप, बदललेला असतो, हा सल्लाही मी ऐकला ते बरं झालं. आलटून पालटून घालते, दोघी अजून सारख्या दिसतात.

एक विनंती आहे. माझा धाकटा भाऊ तुमच्याकडे येणार आहे, त्याला जॅकेट शिवायचंय आणि त्याला मोठे विंडोपेनच (बारीक रेघांचे मोठे चौकोन) हवेत, घरात आम्ही सगळे सांगून थकलो. त्याचे खांदे सरळ आहेत आणि उंचीही आहे, त्यामुळे त्याला कदाचित शोभतीलही, ते तुम्ही ताग्यावरच ठरवा. तो बॅग पाठीला लावतो, दोन्ही पट्टे.

तुमची आभारी,
बर्ड्सआयवाली