अव्या, तुमचा देव कुठे ठेवू?

प्रिय अव्या,

सात महिने पत्र नाही, कबूल. वहीतल्या जर-तरच्या गोष्टीपुढे हरलोय, आणि ते तुला सांगायची लाज वाटत होती. प्रकृती ठीक. गुडघा कुरकुरतो, आईची साखर आटोक्यात.

ग्रानादाला जाऊन आलो. तिथल्या राजघराण्याच्या चॅपेलमध्ये वर स्पेनचे राणी-राजा इसाबेला-फर्डिनांड संगमरवरात झोपलेत, खाली तळघरात शिशाच्या बोडक्या शवपेट्या. त्यांत एक एवढीशी. मेसमधली तुझी ट्रंक मोठी होती. त्यांचा नातू, पोर्तुगालचा राजपुत्र मिगेल! मी हलेना, शेवटी हिने दंड धरून वर नेलं.

तुला माहीत आहे, तरी सांगतो. ऑगस्ट १४९८, सारागोसा. मिगेल जन्मला, त्याची आई, म्हणजे इसाबेलाची लेक, बाळंतपणात गेली. त्याच महिन्याच्या अखेरीस वास्को द गामा कालिकतहून चरफडत परत निघाला. कास्तील, आरागॉन आणि पोर्तुगाल, तिन्हीकडे या तान्ह्याला वारस मानून शपथा झाल्या. जुलै १५०० मध्ये, दोन वर्षं पुरी व्हायच्या आत, आजी इसाबेलाकडेच वारला.

मी वहीतल्या गोष्टीत त्याला जगवला. पहिली चार पानं काय सुटली! त्याच्या मावसभावाला, कार्लोसला, स्पेन मिळतच नाही. स्पेन-पोर्तुगालने जग वाटून घेतलं त्या तोर्देसिल्यासच्या रेघेवरून भांडायला दोन राजे उरतच नाहीत. (पर्वतीवर तू म्हणालास, ‘जर-तर’ म्हणजे रिकामटेकड्यांची रमी. त्या रात्रीचे भज्यांचे पैसे अजून तुझ्याकडेच आहेत.)

मग गाडं रुतलं. त्याचा बाप मानुएल १५२१ पर्यंत राजा. म्हणजे १५१० मध्ये त्याचा सरदार आल्बुकर्क गोवा घेतोच. मिगेल तेव्हा बारा वर्षांचा, काय करणार? शिवाय बापाने १५०० मध्येच मेहुणीशी लग्न लावलं, तिला १५०२ मध्ये जुआंव झाला. आजीकडे, कास्तीलमध्ये वाढलेल्या पोराला लिस्बनवाले राजा मानतील, की घरच्या जुआंवला? तीन गाद्यांसाठी जगवलेलं पोर दोन गाद्यांवरच आटपेल की काय!

गोव्यातली तिसवाडी तर गेली. पण शेजारचा तुमचा बारदेश पोर्तुगीजांकडे गेला तो १५४३ मध्ये! लिस्बनने मानलाच, तर तेव्हा मिगेल पंचेचाळीसचा राजा. तिथे पेन थबकलंय. त्याने बारदेश घेतला नाही, तर तुमचे लोक देव उचलून नदीपलीकडे येत नाहीत, सावंतवाडीचं घर नाही, तू पुण्याला शिकायला नाहीस, आणि मला मेसमध्ये ताटावरून ढोसणारा कोणी नाही. घेतला, तर पोर जगवून मिळवलं काय?

चिंगीचा बारावीचा निकाल कळला, पेढे उधार. कौलं बदललीस का? वहिनींना नमस्कार.

देव तिकडेच ठेवू की आणू, तेवढं कळव. नवव्या पानावर अडकलोय.

तुझा,
बाळ्या