रोजड्यांच्या वाटेवर फलक : सभासदांना कळकळीचे आवाहन

सर्व सभासद बंधू-भगिनींना सप्रेम नमस्कार.

अनंत चतुर्दशीच्या झांक्या, म्हणजे चित्ररथांच्या मिरवणुका, आटोपल्या, की आपल्या इंदूरकरांच्या गाड्या शहराबाहेर निघतात. बडगोंद्यावरून जाम दरवाजा उतरून महेश्वर, सिमरोळ-चोरलच्या घाटाने ओंकारेश्वर, नालछ्यावरून मांडवगड, आणि कोजागरीला जानापाव ठरलेलेच. नेमकी याच दिवसांत सोयाबीनची कापणी होते. उभ्या पिकात दडणाऱ्या नीलगायींचा, म्हणजे आपल्या माळव्यातल्या रोजड्यांचा, आडोसा जातो. पुढे हरभरा चार बोटे वर आला, की दिवसभर नाल्याकाठच्या झुडपांत बसलेले कळप तिन्हीसांजेला रस्ता ओलांडून शेतात उतरतात. रात्री राखणदाराने फटाका लावला की तसेच उधळून माघारी येतात, आणि उजाडायच्या आत पुन्हा एकदा. हे थेट मार्चपर्यंत चालते. म्हणून त्यांच्या वाटांवर गाड्यांना सावध करणारे फलक लावण्यासाठी मदत मागणारे हे पत्र आत्ता, थोड्या घाईतच पाठवत आहोत.

मंडळाने हे काम हाती घेतले ते कोणाच्या बळावर, हे नव्या सभासदांना माहीत असायला हवे. राजेंद्रनगरच्या काकूंनी यजमानांच्या वर्षश्राद्धाचा खर्च आटोपता घेऊन पहिल्या सहा फलकांचे पैसे दिले, आणि एकाही फलकावर नाव घालू दिले नाही. लोकमान्यनगरच्या भजनी मंडळाच्या भगिनींनी सप्ताहाच्या आरतीतली जमा झालेली रक्कम जशीच्या तशी आणून दिली. सुदामानगरच्या आपल्या वेल्डर बंधूंनी मजुरीचा एक पैसा घेतला नाही, वर स्वतःची टेम्पोगाडी दिली. आणि रामबागेतले आपले निवृत्त अभियंता काका! फलक कसा असावा, याचा धडा त्यांनीच आम्हाला दिला. त्यांचे ऋण फेडता येण्यासारखे नाही.

काकांनी पहिल्याच बैठकीत प्लायवूडला नकार दिला होता, आणि त्यांचे म्हणणे खरे ठरले. इतरांनी हौसेने लावलेले प्लायचे फलक दोन पावसाळ्यांत कडांनी फुगतात, चकाकणारा कागद सुटतो आणि रात्री काही दिसत नाही. झाडाला खिळे ठोकून लावलेला फलक फांद्या वाढल्या की झाकला जातो, शिवाय झाडाला इजा. आपले फलक ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे आहेत: ९०० मिलिमीटरचा त्रिकोण, तांबडी कड, पांढऱ्यावर काळे जनावर. खालची कड रस्त्याच्या मध्यापासून दीड मीटर वर. पाइपाच्या बुडाशी आडवी सळई जोडलेली असते, नाहीतर कोणीही खांब फिरवून उपसून नेतो. खड्डा ४५ सेंटिमीटर लांब-रुंद आणि ६० सेंटिमीटर खोल, त्यात १:२:४ चे (सिमेंट, वाळू, खडी) काँक्रीट, म्हणजे एका खड्ड्याला साधारण पाऊण गोण सिमेंट. नट आवळून झाले की त्यांवर वेल्डिंगचा टिपका द्यावाच लागतो. पत्रा भंगारात विकला जातो, हे कटू असले तरी खरे आहे. फलक रस्त्याला अगदी काटकोनात लावला, तर दिव्याचा झोत थेट चालकाच्या डोळ्यांवर परततो. म्हणून तो रस्त्यापासून किंचित, पाचेक अंश, बाहेर वळवायचा.

यंदा सगळ्यात महत्त्वाची सुधारणा आहे ती घडीच्या फलकाची. बारा महिने एकाच जागी दिसणारा फलक रोज येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेनासा होतो, आणि ऐन हंगामात तो वेग कमी करत नाही. म्हणून त्रिकोणाचा खालचा अर्धा भाग बिजागरीवर दुमडून कुलूप लावता येईल असा करून घेतला आहे. दसऱ्याला उघडायचा, होळीला मिटायचा. यासाठी जवळच्या चहाच्या टपरीवाल्याकडे किंवा शेतकऱ्याकडे किल्ली असावी लागते, आणि वर्षातून दोनदा तिथे कोणीतरी जाऊन यावे लागते.

जागा निवडताना नकाशा उपयोगी पडत नाही, पायी चालावे लागते. एका अंगाला हरभरा किंवा गहू आणि दुसऱ्या अंगाला झुडूप वा पाणी, अशी जागा आधी बघायची. मग रस्त्याखालच्या मोरीजवळच्या चिखलात खुरांचे ठसे, तारेच्या कुंपणात अडकलेले राठ केस, आणि लेंड्यांचा ढीग. रोजडा पुन्हा पुन्हा एकाच ठिकाणी लेंड्या टाकतो, त्यामुळे रस्त्याकडेला जुन्या-नव्या लेंड्यांचा मोठा ढीग दिसला की वाट तीच समजावी. तिथून सरळ रस्त्यावर १२० मीटर आणि घाटात ६० मीटर अलीकडे फलक, दोन्ही बाजूंनी. त्या वाटेच्या दोन्ही अंगांना ५० मीटरपर्यंत, डांबराच्या कडेपासून ३ मीटर रुंद गवत कापायचे आणि कापलेले उचलून न्यायचे. गवत पेटवून देणे सोपे वाटते, पण ते कधीही करू नये. आगीचा धोका तर आहेच, शिवाय जळल्या जागी कोवळे हिरवे फुटते आणि जनावरे नेमकी रस्त्याकडेलाच चरायला येऊन उभी राहतात.

आता गाडी चालवणाऱ्यांसाठी, कारण सगळीकडे फलक पोहोचायला वेळ लागेल. पूर्ण वाढलेला नर खांद्याशी दीड मीटरपर्यंत उंच आणि २०० किलोच्या वर भरतो. मोटारीचा बॉनेट त्याच्या पायांना लागतो आणि धड काचेतून आत येते. म्हणून मागे बसलेल्यांनीही पट्टा लावायचा. खाली केलेल्या दिव्यांत चालकाला जेमतेम ५० मीटरपर्यंत नीट दिसते. ताशी ८० च्या वेगाने पाय ब्रेकवर जाईपर्यंतच ३३ मीटर संपतात आणि कोरड्या रस्त्यावर गाडी थांबायला एकूण ७० मीटरच्या आसपास लागतात. ५० च्या वेगाला हेच अंतर ३५ मीटर होते. हा हिशेब घरातल्या तरुण मुलांना जरूर दाखवा.

समोरून कोणी येत नसेल तर दिवे वर ठेवा. चमकणाऱ्या डोळ्यांवर विसंबू नका. जनावर आडवे किंवा पाठमोरे असेल तर डोळे चमकतीलच असे नाही, आणि मादी व पिल्ले वाळल्या गवताच्या रंगाची असतात. एक गेला म्हणजे रस्ता मोकळा झाला असे नाही. मागचे दोन-तीन हमखास उड्या घेतात, तेव्हा थांबा. जनावर दिव्यात खिळून उभे राहिले तर दिवे खाली करा आणि हॉर्न तुटक वाजवा. अगदी समोर आलाच, तर ब्रेक पूर्ण दाबा, स्टिअरिंग सरळ धरा. वळवून वाचवायला गेलेली गाडी झाडावर, दरीत किंवा समोरच्या ट्रकवर जाते. बाजारात मिळणाऱ्या, गाडीला लावायच्या शिट्ट्यांवर पैसे घालवू नका, तपासण्यांत त्यांचा उपयोग दिसलेला नाही. कान्हा-सातपुड्याकडे जाणाऱ्यांना चितळ आणि सांबरही भेटतील. चितळ कळपाने उधळतात आणि सांबर अंधारात जवळ येईपर्यंत कळतच नाही.

धडक झालीच तर चारही इंडिकेटर लावा, लाल त्रिकोण ५० मीटर मागे ठेवा. जखमी रोजड्याजवळ जाऊ नका, त्याची लाथ हाड मोडते. ११२ वर कळवा, माणूस जखमी असेल तर १०८, राष्ट्रीय महामार्गावर १०३३. गाडीखाली हिरवे किंवा गुलाबी पाणी (इंजिन गार ठेवणारे कूलंट) ठिबकत असेल तर इंजिन पुन्हा चालू करू नका. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीने संरक्षण दिले आहे, तेव्हा कोणी जखमी दिसल्यास गाडी पुढे दामटू नका.

एक गोष्ट मनाला लागली आहे, ती लिहितो. गणेशोत्सवातल्या वाद्यवृंदाची वर्गणी एका संध्याकाळी जमते. फलकांसाठी गेल्या वर्षी तीन-तीनदा दारे वाजवावी लागली, आणि रोजडे हा शेतकऱ्यांचा प्रश्न आहे, आपला काय संबंध, असेही ऐकावे लागले. त्या रस्त्यांवर आपलीच मुले मोटारसायकली घेऊन जातात. परवानगीचा अर्जही एका कार्यालयात टेबलावरून टेबलावर फिरत राहिला. कागद हाती आला तेव्हा हरभरा निघून गेला होता. यंदा अर्ज आषाढातच दिला आणि मंजुरी मिळाली आहे. आता उशीर झाला तर तो फक्त आपल्यामुळे होईल.

तपशील असा : १६ घडीचे फलक, प्रत्येकी ४,५०० रुपये (पत्रा, पाइप, बिजागरी-कुलूप, सिमेंट-खडी, वाहतूक धरून). पूर्ण फलक, अर्धा फलक किंवा जमेल ती रक्कम. धनादेश मंडळाच्या नावे, क्यूआर कोड कार्यालयाच्या फळ्यावर, रोख रक्कम सायंकाळी ६ ते ८, पावती घेतल्याशिवाय जाऊ नये. देणगीवर आयकरात सवलत (८०-जी) हवी असल्यास २,००० रुपयांवर रोख देऊ नये आणि पॅन क्रमांक द्यावा. वस्तुरूपाने सिमेंट, विळे, पहारी, रिफ्लेक्टरची पट्टी (ट्रॅक्टर-ट्रॉली व बैलगाड्यांसाठी, ५० मिलिमीटर रुंद) चालेल. शेवटची तारीख घटस्थापना. गवतकापणी त्यापुढचे दोन रविवार, सकाळी ७ वाजता कार्यालयापासून. पूर्ण बाह्यांचे कपडे, जाड बूट, हातमोजे आणि पाण्याची बाटली आणावी. चहा-पोहे मंडळाकडून. मोटार असणाऱ्यांनी किती जागा रिकाम्या आहेत ते आदल्या दिवशी कळवावे.

आपला नम्र,
सचिव
(कार्यकारिणीच्या वतीने)