पिशवीच्या पलीकडचा कांगारू

महोदय,
नाशिकमध्ये विज्ञान शिकवताना जाणवतं, की मुलांना कांगारूची पिशवी ठाऊक असते, त्यापुढचं काहीच नाही. खरं नवल तर पुढेच आहे. पिशवीत पिल्लू दूध पीत असताना मादीच्या गर्भाशयात बहुधा दुसरा गर्भ असतो. जेमतेम ८० ते १०० पेशींचा, वाढ थांबलेला. पिल्लाच्या चोखण्यामुळे स्रवणारं प्रोलॅक्टिन हे संप्रेरक त्या गर्भाला रोखून धरतं. दुष्काळात पिल्लू दगावलं किंवा मोठं होऊन कमी पिऊ लागलं, की गर्भ पुन्हा वाढीला लागतो. लाल कांगारूत मग महिनाभरात नवं पिल्लू जन्मतं. एक ग्रॅमहून हलकं, डोळे मिटलेलं, पुढच्या इवल्या पायांनी आईच्या केसांतून सरपटत पिशवी गाठणारं! टॅमार वॉलबी या कांगारूच्या छोट्या भाऊबंदात हा थांबा ११ महिन्यांपर्यंत लांबतो. तिकडे ऑस्ट्रेलियात, म्हणजे दक्षिण गोलार्धात, २२ डिसेंबरनंतर दिवस लहान होऊ लागले, की तिचा गर्भ जागा होतो आणि पिल्लू पिशवीबाहेर येतं तेव्हा चारा मुबलक असतो.

सिन्नर-येवल्याच्या मुलांना दुष्काळ समजावून सांगावा लागत नाही. हा विषय त्यांना चटकन भिडेल. रविवारच्या मुलांच्या पानावर असे विषय चित्रांसह, सविस्तर छापावेत, ही कळकळीची विनंती.

– एक विज्ञान शिक्षिका, पंचवटी, नाशिक